हक्क सर्वांचे असतात : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी



मूलभूत हक्क हे शब्द तुमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात येतात. समतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, शिक्षणाचा हक्क अशी यादी आपण परीक्षेसाठी पाठ करतो आणि परीक्षा संपली की विसरतो. परंतु तेच हक्क एखाद्या माणसाने प्रत्यक्ष आयुष्यात कसे जपले, त्यासाठी त्याने कोणाचा रोष पत्करला, हे समजले म्हणजे ती यादी जिवंत होते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मुंबईच्या एका थोर सुपुत्राचे चरित्र तुमच्यापुढे ठेवीत आहे. ते म्हणजे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. त्यांच्या काळी देशाला संविधान नव्हते आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा निघायला अजून अनेक वर्षे होती. तरीही हक्क हा एका जातीचा, एका धर्माचा किंवा एका रंगाच्या माणसांचा नसतो, ही गोष्ट त्यांनी आपल्या कृतीने दाखवून दिली.

घर आणि शिक्षण

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील मुल्ला तय्यबअली हे सुलेमानी बोहरा जमातीतील व्यापारी. घराणे मूळचे खंबायतचे. तय्यबअलींनी व्यापारात चांगला जम बसवला होता, पण त्यांची खरी दूरदृष्टी दिसते ती मुलांच्या शिक्षणात. इंग्रजी शिकणे म्हणजे धर्म बुडवणे, असे मानणारे लोक त्या काळी मुसलमान समाजात पुष्कळ होते. अशा वेळी त्यांनी आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घातले आणि पुढे विलायतेलाही पाठविले. पालकहो, या गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या. पुढे जे घडले त्याचे मूळ एका बापाच्या या निर्णयात आहे.

लहानपणी बद्रुद्दीन दादा मखबा यांच्या मदरशात उर्दू आणि फारसी शिकले. नंतर ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी ते इंग्लंडला पोहोचले. तेथे शालेय शिक्षण संपवून त्यांनी मिडल टेंपल या संस्थेत कायद्याच्या अभ्यासासाठी नाव घातले. मध्येच प्रकृती बिघडली, डोळ्यांनी त्रास दिला, आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले. दुसरा एखादा तेथेच थांबला असता. बद्रुद्दीन वर्षभराने पुन्हा इंग्लंडला गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊनच परत आले.

हायकोर्टातील पहिला हिंदी बॅरिस्टर

मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन हे त्याआधीच सॉलिसिटर झाले होते. त्या वेळचे बॅरिस्टर सगळे युरोपियन, न्यायाधीशही बहुतेक युरोपियन. त्या दालनात एक तेवीस वर्षांचा हिंदी तरुण उभा राहतो आणि आपल्या अशिलाची बाजू त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच कायद्याच्या आधाराने मांडतो, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. थोड्याच वर्षांत उलटतपासणीसाठी आणि मुद्देसूद भाषणासाठी त्यांची ख्याती झाली.

पैसा आणि मान मिळू लागला तरी ते केवळ स्वतःच्या धंद्यात गुरफटले नाहीत. मुंबई शहराच्या कारभारात कर भरणाऱ्या नागरिकांना आवाज असावा, या चळवळीत ते होते. १८७२ च्या कायद्याने नगरपालिकेत निवडणुकीचे तत्त्व आले आणि १८७३ मध्ये बद्रुद्दीन निवडून आले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर आणि १८८२ पासून मुंबईच्या कायदे कौन्सिलावरही त्यांनी काम केले. फिरोजशहा मेहता पारशी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग हिंदू आणि बद्रुद्दीन मुसलमान. या तिघांची जोडगत मुंबईच्या सार्वजनिक जीवनात इतकी जमली की एकाचे नाव घेतले की उरलेले दोघे आपोआप आठवत.

एकाच कायद्यासमोर सारे

१८८३ साली इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. तो नीट समजून घ्या, कारण समतेच्या हक्काचा पहिला मोठा धडा त्यात आहे. त्या वेळच्या फौजदारी कायद्यानुसार मुंबई, कलकत्ता, मद्रास ही शहरे सोडून इतरत्र एखाद्या युरोपियन माणसावर गुन्ह्याचा आरोप आला, तर हिंदी न्यायाधीशाला त्याचा खटला चालविता येत नसे. न्यायाधीश कितीही विद्वान असो, केवळ हिंदी म्हणून तो अपात्र ठरे. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने हा भेद काढून टाकण्यासाठी विधेयक आणले. त्यावर युरोपियन मळेवाले, व्यापारी आणि वकील यांनी देशभर काहूर माजविले.

त्याला उत्तर म्हणून २८ एप्रिल १८८३ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये मोठी सभा भरली. मेहता, तेलंग आणि बद्रुद्दीन असे तिघेही तेथे बोलले. बद्रुद्दीन यांनी शिवीगाळीला शिवीगाळीने उत्तर दिले नाही. न्यायाधीशाची पात्रता त्याच्या कातडीवरून ठरू नये, आणि एकाच राज्यातील प्रजेला दोन वेगळी मापे लावणे हा न्याय नव्हे, हा मुद्दा त्यांनी शांतपणे मांडला. शेवटी सरकारने माघार घेतली. विधेयक मंजूर झाले, पण युरोपियन आरोपीला निम्मे युरोपियन सभासद असलेली ज्यूरी मागण्याची सवलत देऊन. लढाई अर्धीच जिंकली गेली. मात्र त्या अनुभवातून संघटनेची गरज कळली आणि १८८५ च्या जानेवारीत या तिघांच्या पुढाकाराने बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईतच काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले.

अंजुमनची स्थापना

इतरांशी समान हक्क मागायचे आणि आपल्या समाजाला अडाणी ठेवायचे, हा दुटप्पीपणा बद्रुद्दीन यांना मान्य नव्हता. १८७४ साली त्यांनी बंधू कमरुद्दीन, कोकणी मुसलमानांतील प्रतिष्ठित व्यापारी नाखुदा महंमद अली रोगे आणि मुन्शी गुलाम महंमद यांच्यासह अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. बोहरा, कोकणी, मेमन, खोजा असे मुंबईतील मुसलमान आपापल्या जमातीत विखुरलेले होते. शिक्षणाच्या कामासाठी त्यांना एका छताखाली आणणे हेच मुळी अवघड होते.

१८८० साली बाबुला टँकजवळ अंजुमनची शाळा सुरू झाली ती तीन शिक्षक आणि सुमारे १२० विद्यार्थ्यांवर. बद्रुद्दीन आधी सेक्रेटरी होते आणि १८९० पासून मृत्यूपर्यंत अध्यक्ष. सरकारकडे अनुदान मागणे, श्रीमंतांच्या घरी वर्गणीसाठी जाणे, शिक्षण आयोगापुढे समाजाची स्थिती मांडणे, ही सारी कामे त्यांनी स्वतः केली. बोरीबंदर स्टेशनासमोरची अंजुमनची देखणी इमारत १८९० नंतरच्या काही वर्षांत उभी राहिली. मुंबईला गेलात की ती जरूर पाहा. आपल्यासारख्या अनेक लहानमोठ्या शिक्षण संस्थांनी ज्या वाटेवर पाऊल टाकले, ती वाट त्या इमारतीपासून सुरू होते.

मद्रासचे अधिवेशन

डिसेंबर १८८७ मध्ये काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले आणि बद्रुद्दीन तय्यबजी त्याचे अध्यक्ष झाले. या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान. आपापल्या समाजाचे खास प्रश्न असतात, ते त्या त्या समाजाने सोडवावेत. पण कर, कायदे, नोकऱ्या, न्याय हे प्रश्न सर्वांचे आहेत, आणि त्यांत मुसलमानांनी इतर देशबांधवांपासून अलग का राहावे, हा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांना हे पटले नाही. काँग्रेसमध्ये बहुसंख्यांचे मत चालेल आणि मुसलमान दबून जातील, अशी त्यांची धास्ती होती. १८८८ मध्ये दोघांत या विषयावर पत्रव्यवहार झाला. बद्रुद्दीन यांनी ही धास्ती हसण्यावारी नेली नाही. एखाद्या ठरावाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा समाज म्हणून विरोध असेल, तर तो काँग्रेसने चर्चेलाच घेऊ नये, असा नियम त्यांच्या आग्रहाने झाला. बहुमत म्हणजे अल्पमताला चिरडण्याचा परवाना नव्हे, ही जाणीव त्यात होती. आणि मतभेद झाले म्हणून त्यांनी अलीगढच्या शैक्षणिक कार्याकडे पाठही फिरवली नाही. वाद विचारांचा ठेवावा, माणसांचा करू नये, ही शिकवण विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून घ्यावी.

४ ऑगस्ट १८९७

१८९५ साली बद्रुद्दीन मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्या खुर्चीवर कायम नेमणुकीने बसलेले ते पहिले मुसलमान. दोनच वर्षांनी त्यांच्यासमोर जो अर्ज आला, त्यासाठी महाराष्ट्राने त्यांची आठवण कायम ठेवली पाहिजे.

तो काळ कसा होता पाहा. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेत होते आणि लोक चिडले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ आणि रँड काही दिवसांनी मरण पावला. सरकार खवळले. पुण्याचे सरदार नातू बंधू यांना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली, कोणताही खटला न चालविता स्थानबद्ध करण्यात आले. आणि २७ जुलै रोजी ‘केसरी’चे संपादक बाळ गंगाधर टिळक यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली. १५ जूनच्या अंकात शिवाजी उत्सवाच्या निमित्ताने जो मजकूर छापला होता, त्यात अफझलखानाच्या वधाचे समर्थन होते. त्यामुळे लोकांत सरकारविषयी अप्रीती पसरली, असे सरकारचे म्हणणे होते.

टिळकांनी जामीन मागितला. मॅजिस्ट्रेटने नाकारला. हायकोर्टात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढे अर्ज गेला, तेथेही तो त्या वेळी मिळाला नाही. खटला सेशन्सकडे सोपविला गेल्यावर बॅरिस्टर दावर यांनी पुन्हा अर्ज केला आणि ४ ऑगस्ट रोजी तो न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमोर आला.

वाचकहो, क्षणभर त्या खुर्चीवर स्वतःला बसवून पाहा. सरकार जामिनाच्या विरुद्ध आहे, आणि न्यायाधीश त्या सरकारने नेमलेला. अँग्लो-इंडियन वृत्तपत्रे टिळकांवर आग पाखडत आहेत. १८९३ च्या हिंदु-मुसलमान दंग्याची कटुता मुंबई अजून विसरलेली नाही. टिळकांचे राजकारण जहाल, तर बद्रुद्दीन मेहता-तेलंगांच्या मवाळ परंपरेतले. शिवाय ज्या मजकुरावरून खटला भरला, त्याचा विषय अफझलखानाचा वध. जामीन नाकारायला कारणे शोधावी लागली नसती. नाकारला असता तर कोणी जाबही विचारला नसता.

बद्रुद्दीन यांनी जामीन मंजूर केला. त्यांचा विचार सरळ होता. खटला चालण्यापूर्वी आरोपीला कोठडीत ठेवणे ही शिक्षा नव्हे. तो सुनावणीला हजर राहावा, एवढाच त्याचा हेतू. टिळकांसारखा प्रसिद्ध गृहस्थ पळून जाईल असे मानायला आधार नव्हता. सेशन्स सुरू व्हायला सुमारे महिना होता. तेवढा वेळ त्यांना तुरुंगात ठेवले, तर वकिलांशी मसलत करून बचावाची तयारी करणे अवघड झाले असते. आणि पुढे ते निर्दोष ठरले, तर तुरुंगात गेलेले दिवस त्यांना कोण परत देणार? मजकूर बरा की वाईट, हा प्रश्न त्या दिवशी न्यायालयापुढे नव्हताच. प्रश्न एवढाच होता की, दोष सिद्ध होण्याआधी माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घ्यावे काय. मोठ्या रकमेचा जामीन ठरला, शेठ द्वारकादास धरमसी हे एक जामीनदार राहिले आणि टिळक बाहेर आले.

सप्टेंबरमध्ये न्या. स्ट्रेची यांच्यासमोर खटला चालला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरविले, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष. १४ सप्टेंबर रोजी त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. जामिनाने शिक्षा टळली नाही हे खरे. पण बचावाची संधी मिळणे हा प्रत्येक आरोपीचा हक्क आहे, आणि तो त्यांना एका मुसलमान न्यायाधीशाने मिळवून दिला, ही नोंद इतिहासातून पुसली जात नाही.

या कथेला एक पुढचा अध्याय आहे. १९०८ साली टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. तेव्हा बद्रुद्दीन हयात नव्हते. न्यायासनावर होते तेच दावर, ज्यांनी १८९७ मध्ये टिळकांसाठी जामीन मागितला होता. बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी टिळकांतर्फे जामिनाचा अर्ज केला आणि तय्यबजींच्या निर्णयाचा आधार घेतला. न्या. दावर यांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. खुर्ची बदलली की माणसाचे मतही बदलते, याचे हे उदाहरण. आरोपीच्या बाजूने उभे असताना हक्क आठवणे सोपे असते. सत्तेच्या खुर्चीवर बसल्यावर ते आठवणे, हीच खरी कसोटी.

मुलींचे शिक्षण

बद्रुद्दीन यांच्या मते हक्क घराच्या उंबरठ्यापाशी संपत नव्हते. त्यांनी आपल्या मुलींना मुंबईत शिकविले आणि १९०४ मध्ये दोघींना इंग्लंडमधील शाळेतही पाठविले. १९०३ साली मुंबईत मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स भरली, तिचे ते अध्यक्ष होते. त्या व्यासपीठावरून त्यांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला. हिंदुस्थानात रूढ झालेला कडक पडदा हा धर्माच्या आज्ञेपेक्षा कितीतरी पुढे गेलेला आहे आणि तो मुलींच्या शिक्षणाच्या आड येतो, असे त्यांनी आपल्याच समाजासमोर स्पष्ट सांगितले. ते अनेकांना रुचले नाही. सरकारला खडे बोल सुनावण्यापेक्षा आपल्या माणसांना अप्रिय सत्य सांगणे पुष्कळदा अधिक कठीण असते.

१९०२ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिले. १९०६ साली रजेवर इंग्लंडला गेले असताना, ऑगस्ट महिन्यात हृदयविकाराने लंडन येथे त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे

मित्रांनो, १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. मनमानी अटक होऊ नये आणि दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानावा, ही तत्त्वे त्यात आहेत. त्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक शब्द न राहता सर्व मानव असा शब्द यावा, यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला होता. मुंबईच्या एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू राहिलेल्या आहेत. आपल्या संविधानाने तर हे हक्क घरोघर आणून ठेवले आहेत. १४ व्या कलमाने कायद्यापुढे सारे समान. २१ व्या कलमाने जीवित आणि स्वातंत्र्य सुरक्षित. २२ व्या कलमानुसार अटक झालेल्याला अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षण संस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. तुम्ही ज्या शाळेच्या बाकावर बसता, तिच्यासारख्या संस्था याच कलमाच्या आधाराने उभ्या आहेत. आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू आहे.

परंतु कागदावरचा हक्क आपोआप पदरात पडत नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन जण असे होते, ज्यांचा खटला अजून संपलेला नव्हता. त्यांत गरीब आणि अशिक्षित माणसे फार. काहींना जामीन मिळूनही जामीनदार मिळत नाही, तर काहींना जामिनाचा अर्ज करता येतो हेच ठाऊक नसते. कोठडीतील व्यक्तीला, तसेच स्त्रियांना आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, ही गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी आणि शेजाऱ्यालाही सांगावी. मुलींना सातवी-आठवीत शाळेतून काढू नये. समाजातून डॉक्टर, इंजिनियर तर व्हावेतच, पण वकील आणि न्यायाधीशही व्हावेत. मुल्ला तय्यबअलींनी मुलाला शिकविले नसते, तर ४ ऑगस्ट १८९७ ला त्या खुर्चीवर बद्रुद्दीन बसलेच नसते.

शेवटी एक गोष्ट. आपल्यावर अन्याय झाला की आपण हक्कांची आठवण काढतो, आणि ते योग्यच आहे. पण जो आपल्या जमातीचा नाही, ज्याचे मत आपल्याला पटत नाही, ज्याच्या लिखाणाने आपले मन दुखावले असेल, त्याचाही हक्क तेवढाच खरा असतो. एखाद्या समाजाविषयीच्या रोषाने तुम्ही न्यायापासून ढळू नका, अशी आपल्या धर्माचीही शिकवण आहे. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी ती हायकोर्टाच्या खुर्चीवर बसून पाळली. आपण ती वर्गात, मोहल्ल्यात आणि घरात पाळू या. अल्लाह आपल्याला तशी बुद्धी आणि हिंमत देवो.